पोट्टे कामाला लागले ते आमच्यामुळं लागले का, हे मोजायचं कसं?

घाटंजीकडचा

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही चार-पाच जण यवतमाळ जिल्ह्यात घाटंजी-पांढरकवडा बाजूच्या गावांत दहावी-बारावीच्या पोरापोरींना करिअर मार्गदर्शन करतो. नाव मोठं आहे पण काम म्हणजे शाळेत जायचं, आयटीआयला कोणते ट्रेड असतात ते सांगायचं, नर्सिंगचे फॉर्म कधी निघतात, जातीचा दाखला आत्ताच काढून ठेवा नाहीतर निकालानंतर सेतूत रांग लागते वगैरे. तीन वर्षांपासून त्यात अजून एक काम जोडलं, ज्यांचं शिक्षण सुटलं त्यांना ट्रेनिंग सेंटरला पाठवणं, मुलाखतीची तयारी घेणं आणि कंपनीत लागले की पहिले दोन महिने फोनवर संपर्कात राहणं.

आता ज्यांच्याकडून आम्हाला थोडेफार पैसे येतात ते म्हणतात तुमच्या कामानं नेमका काय फरक पडला ते दाखवा. प्रश्न चुकीचा नाही. आमच्याकडं रजिस्टर आहे, त्यात २०२३ च्या बॅचचे ४६ पैकी ३१ जण कामाला लागले असं लिहिलंय, वाचताना छाती फुगते. पण दिवाळीत गावात फिरलो तर त्यातले बरेच पोट्टे पानठेल्यावर बसलेले. एक म्हणे रूमचं भाडं परवडत नव्हतं, एकाच्या बाबाची तब्येत, एकाला सोयाबीन सोंगायला घरी बोलावलं अन् तो परत गेलाच नाही. आणि उलटंही आहे, ज्यांना आम्ही कुठंच पाठवलं नाही त्यातले काही मामाच्या ओळखीनं सुरतला, चाकणला गेले आणि दोन-दोन वर्षं टिकून आहेत. मग आमचा हात नेमका कशाला लागला?

कोणी अशा कामाचा अभ्यास केलाय का, बाहेर काय निघालंय, आणि आमच्यासारख्या छोट्या लोकांनी कुठून सुरू करायचं? आकडेमोड एक्सेलपर्यंत येते, त्यापुढं नाही.

---

मूळचा_पुसदचा

भाऊ, दिवाळीत फिरून तुम्ही अर्धा रिसर्च केलाय, मनावर घेऊ नका.

वावरातलं उदाहरण देतो. नवीन औषध मारलं आणि कपाशी जोरात आली तर दुकानदार म्हणणार औषधाचा रिझल्ट. पण त्या साली पाऊसच बरा असला तर? किंवा औषध मारलं ते वावर नाल्याच्या काठचं काळ्या मातीचं असलं तर? म्हणून कृषी विद्यापीठवाले प्लॉट पाडतात, काहींत औषध, काहींत नाही, आणि कोणत्या प्लॉटला काय ते चिठ्ठीनं ठरवतात. तुमचे ३१ पोरं म्हणजे औषध मारलेलं वावर, बिनऔषधाचं वावर तुमच्याकडं नाहीच. त्यात तुमच्याकडं चालत येणारा पोट्टा आधीच हातपाय हलवणारा असतो, घरी बसून राहणारा येतच नाही, म्हणजे तुमची माती पहिल्यापासून जरा बरी.

बाहेर काय निघालंय विचारलं म्हणून सांगतो, पण मन घट्ट करा. डेव्हिड मॅकेन्झी नावाच्या वर्ल्ड बँकेतल्या अर्थशास्त्रज्ञानं २०१७ मध्ये गरीब-मध्यम देशांतल्या अशा प्रयोगांचा आढावा घेतला होता. व्होकेशनल ट्रेनिंग १०० जणांना दिलं तर त्यामुळं म्हणून जास्तीचे कामाला लागणारे साधारण दोन-तीन. बाकीचे जे लागले ते ट्रेनिंग नसतं तरी कुठंतरी लागलेच असते. आपल्या इकडच्या सेंटरच्या फ्लेक्सवर ९० टक्के प्लेसमेंट लिहिलेलं असते ना, ते आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकते, गंमत तिथंच आहे.

दुसरं, कार्ड, क्लुव्ह आणि वेबर या तिघांनी २०१८ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात श्रीमंत देशही होते. पहिल्या वर्षात फरक जवळपास शून्य दिसतो, ट्रेनिंगचा फायदा दिसायला लागतो तो दोन-तीन वर्षांनी, आणि बायकांमध्ये व बऱ्याच काळापासून बेकार असलेल्यांमध्ये जास्त. आपल्याकडं हिशेब तीन महिन्यांत बंद करतात. डीडीयू-जीकेवाय म्हणजे केंद्र सरकारची खेड्यातल्या पोरांना ट्रेनिंग देऊन नोकरीला लावायची योजना, तिच्यात सुद्धा प्लेसमेंट धरायची ती किमान तीन महिने नोकरी केली की. तीन महिने म्हणजे काय हो, उन्हाळ्यात गेला अन् पोळ्याला वापस आला.

चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना मदत अर्ध्यांना नाही, असा प्रयोग मात्र तुम्ही ४६ पोरांवर करू नका. दोन-तीनचा फरक पकडायला काही हजार माणसं लागतात, ४६ मध्ये एक पोट्टा इकडचा तिकडं झाला की टक्केवारीच पलटते. तुमचा पैसा आणि पोरांचा वेळ दोन्ही वाया.

---

वणीचा_पोट्टा

मी तुमच्या त्या पानठेल्यावरचाच समजा 😄

मी असंच एका सेंटरचं ट्रेनिंग करून चाकणले गेलो होतो. नाव नाही घेत सेंटरचं. तीन महिने ट्रेनिंग, राहणं खाणं फुकट, सगळं मस्त. शेवटच्या दिवशी सांगतलं की १६ हजार पगार हाय, रूम कंपनी देते. तेथी गेलो तं ठेकेदाराचा माणूस घ्याले आला, कंपनीचा नाही. १६ मधून कटून कटून हातात बारा, त्यात रूमचे पैसे आपले, एका रूमात आठ जण, दोन शिफ्टचे पोट्टे आळीपाळीनं झोपत. आठ तास उभं रायणं. मले कोणी पयले सांगतलंच नाही की उभं रायनं असते, मले वाटलं मशीनपाशी बसाचं असते. हसू नका, खरंच वाटलं होतं, ट्रेनिंगमध्ये बेंचवर बसून वायरिंग शिकवली होती ना.

मी चार महिने काढले. म्हणजे त्यायच्या रजिस्टरात मी पास. मंग सुट्टी मागतली वेचणीले, घरी माय एकटी अन् मजूर भेटत नव्हता, तं ठेकेदार म्हणे गेला तं वापस येऊ नको. मी गेलो अन् वापस आलो नाही, बस.

आता सांगतो असली गोष्ट. माया संग माया काकाचा पोरगा होता, त्यानं ट्रेनिंग फिनिंग काहीच केलं नव्हतं, तो अजून तिथीच हाय. काऊन? त्याच्या साळ्याची रूम होती तेथी. जेवाले घरचं भेटे, शिफ्ट कशी बदलून घ्याची ते साळ्यानं सांगतलं, कोणता ठेकेदार पैसे खाते अन् कोणता वेळेवर देते थेबी सांगतलं. तुमी मुलाखतीची तयारी घेता म्हणता, माई तं मुलाखत झालीच नाही बाप्पा, आधार कार्ड पायलं अन् बूट देल्ले.

---

मूळचा_पुसदचा

वणीच्या भावानं लाखाची गोष्ट सांगितली, आणि याच्यावर आपल्याच देशात अभ्यास झालाय. बिहार-झारखंडमध्ये डीडीयू-जीकेवायच्याच ट्रेनिंगवाल्या पोरांच्या काही बॅचना चिठ्ठीनं निवडून नोकरीबद्दल नीट माहिती दिली. पगार खरंच किती, राहायचं कसं, काम कोणतं, सगळं आधी. बाकी ट्रेनिंग तेच, मास्तर तेच. तर माहिती मिळालेल्या बॅचचे पोरं लागलेल्या नोकरीत जास्त टिकले. खर्च किती? दोन-चार तास बोलण्याचा.

साळ्याच्या रूमवर मात्र कोणी प्रयोग केलेला मी वाचला नाही. करायला पाहिजे 🙂

---

भरतीवाला

सर्व ठीक आहे पण मला एक कळत नाही, अभ्यास कायचा करता? पोराला ग्राउंडवर उतरवा, रोज पहाटे ५ ला, १६०० मीटर, गोळाफेक, वर्षभरात लागतो की नाही पहा. आमच्या तालुक्यातल्या अकॅडमीचे मागच्या भरतीत ११ पोरं लागले, चौकात फोटोसकट बोर्ड आहे. ज्याला लागायचं तो लागतो, ज्याला नाही त्याला तुम्ही कितीही मार्गदर्शन करा.

---

मूळचा_पुसदचा

भरतीवाले भाऊ, राग नका मानू पण ११ लागले हे बोर्डावर आहे, पहाटे ५ ला ग्राउंडवर किती जण यायचे ते बोर्डावर नाही. १५ येत असतील तर अकॅडमीला सलाम. ३०० येत असतील तर चित्र वेगळं.

आणि तुमच्या उदाहरणात अजून एक खाचखळगा आहे, तो फ्रान्समध्ये फार छान सापडला होता. तिथं शिकलेल्या बेरोजगार पोरांना काम शोधायला जास्तीची मदत दिली, २३५ सरकारी रोजगार केंद्रांच्या भागात. त्यांनी दोनदा चिठ्ठ्या टाकल्या, आधी कोणत्या भागात किती टक्के पोरांना मदत द्यायची ते ठरवलं, मग कोणत्या पोराला. मदत मिळालेली पोरं आठ महिन्यांनी पुढं दिसली, वर्षभरात तो फरक विरला. आणि त्याच भागातल्या मदत न मिळालेल्या पोरांना काम मिळणं उलट कमी झालं. म्हणजे खुर्च्या तेवढ्याच, याला बसवलं म्हणून तो उठला. पेपर २०१३ चा आहे, लिहिणाऱ्यांत एस्थर डुफ्लो होत्या ज्यांना पुढं २०१९ मध्ये नोबेल मिळालं.

पोलीस भरती हा तर शुद्ध खुर्चीचा खेळ आहे. जागा जाहिरातीत ठरलेल्या. तुमचे ११ आत गेले म्हणजे दुसऱ्या कोणत्या तरी तालुक्यातले ११ बाहेर राहिले. गावासाठी आनंदच आहे, पण विदर्भाच्या बेरोजगारीत एकानंही घट झाली नाही.

---

भरतीवाला

मग काय सगळ्यांनी घरी बसायचं का?? पोरगा धावतो तरी, दारू तर पीत नाही. ते मोजा कधी.

---

मूळचा_पुसदचा

हा मुद्दा मान्य. खरंच मोजायला पाहिजे.

---

आरमोरीच्या_मॅडम

मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवते, अठरा वर्षं झाली. बराच वेळ वाचतेय, पोरांवरच चाललंय सगळं म्हणून लिहायला घेतलं.

मुलींचं गणित वेगळं असतं दादा. आमच्याकडं बारावी झालेल्या मुलीला करिअर मार्गदर्शनाच्या तासाला बसवलं की ती सगळं वहीत उतरवून घेते, अक्षर सुंदर, आणि घरी गेल्यावर वही कपाटात. कारण ठरवणारी ती नाहीच. मी एकदा मार्गदर्शन शाळेत न घेता बचत गटाच्या मीटिंगमध्ये घेतलं, आयांसमोर. गावातली एक मुलगी नागपूरला हॉस्पिटलमध्ये नोकरीला होती, सुट्टीत आली होती, तिलाच बोलायला लावलं. प्रश्न काय आले सांगू? हॉस्टेलला गेट किती वाजता बंद होतं, सणाला सोडतात का, पगार तुझ्याच खात्यात येतो का. कोर्सबद्दल एकही प्रश्न नाही. त्या वर्षी त्या गावातून दोन मुली गेल्या. आता पुसदचे दादा म्हणतील बिनऔषधाचं वावर कुठंय, तर नाहीये माझ्याकडं, मी आपलं जे दिसलं ते सांगतेय.

पण मुलींवरचा एक अभ्यास मलाही माहीत आहे, डीएडच्या एका शिबिरात ऐकला होता आणि नंतर शोधून वाचला. रॉबर्ट जेन्सन म्हणून आहेत, त्यांनी दिल्लीच्या आसपासच्या खेड्यांमध्ये तीन वर्षं कॉल सेंटरच्या नोकऱ्यांसाठी भरती करणारी माणसं पाठवली. ट्रेनिंग नाही, पैसे नाहीत, फक्त गावात येऊन मुलींना सांगायचं की अशी नोकरी आहे, अर्ज असा करायचा. कोणत्या गावात जायचं ते चिठ्ठीनं. तर त्या गावांतल्या तरुण मुली कामाला जास्त लागल्याच, पण लग्नंही लांबली, मुलं उशिरा झाली, कॉम्प्युटर-इंग्लिशच्या क्लासला जाणं वाढलं. २०१२ चा पेपर आहे. मी हे वाचलं तेव्हा रात्री झोप नाही लागली, कारण आम्ही दहावीला कल चाचणी घ्यायचो, मुलीचा कल कशात आहे ते पाहायचो, आणि कल असलेलं काम कुठंतरी खरंच आहे हे तिला दाखवणारा माणूस मात्र कधी गावात आला नाही.

आणखी एक. तुम्ही फोन करून विचारणार ना, काम करतोस का म्हणून? तसं विचारू नका. आमच्याकडं मे महिन्यात विचाराल तर सगळी घरं तेंदूपत्त्याला, मार्च-एप्रिलला मोहफुलं, आणि तरी पोरगा सांगेल "नाही मॅडम, घरीच आहो". काम म्हणजे त्याच्या डोक्यात नोकरी, पत्ता तोडणं काम नाही. बायका तर वर्षभर राबून "घरीच" सांगतात. सरकारचा तो पीएलएफएस सर्व्हे असतो ना श्रमबळाचा, त्यात मागच्या सात दिवसांत एखाद्या दिवशी एक तास जरी काम केलं असेल तरी काम धरतात आणि वर्षभराचं वेगळं विचारतात. तुम्ही तसंच विचारा, कालपासून मागं जा, सोमवारी काय केलं, रविवारी काय केलं, पैसे कोणी दिले, किती. आणि दरवेळी एकाच महिन्यात विचारा. पहिला सर्व्हे सोंगणीत आणि दुसरा एप्रिलमध्ये केला तर तुमचं काम वाईट ठरेल आणि दोष बिचाऱ्या उन्हाळ्याचा असेल.

---

कळंब_आयटीआय_माजी

मॅडमच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून. २०२३ च्या बॅचची २०२४ च्या बॅचशी तुलना करायला जाल तर सांभाळून, २०२४ ला मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली, बारावीवाल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० विद्यावेतन. त्यात गेलेला पोट्टा रजिस्टरात कुठं लिहिणार, कामाला लागला का शिकतोय? ते पहिलेच ठरवून घ्या, नाहीतर ज्याला जसं सोयीचं तसं तो लिहिते.

मी स्वतः अप्रेंटिसशिप करून लागलेला माणूस. पहिल्या दिवसापासून खऱ्या मशीनवर. ट्रेनिंग आधी आणि नोकरी नंतर यापेक्षा हे बरं वाटते मला, पण आता इथं वाचून भीती वाटते की मी माझ्या एकट्याच्या अनुभवावरून बोलतोय 😅

---

मूळचा_पुसदचा

बोला बिनधास्त, पाठिंबा आहे तुम्हाला, जरी वेगळ्या जागेवरून. मानसिक आजार असलेल्या लोकांना नोकरीला लावण्याची एक पद्धत अमेरिकेत निघाली, आयपीएस म्हणतात तिला. जुनी पद्धत अशी होती की आधी तयारी, मग जमलं तर नोकरी. यांनी उलटं केलं, आधी माणसाच्या आवडीची खरी नोकरी शोधायची आणि तो कामावर असताना सोबत राहायचं. कितीतरी देशांत प्रयोग झाले, जवळपास सगळीकडं जुन्या पद्धतीपेक्षा जास्त लोक कामाला लागले. आपल्या पोरांना ते जसंच्या तसं लागू होते असं मी म्हणणार नाही. पण घाटंजीवाले भाऊ पहिले दोन महिने फोनवर राहतात म्हणाले ना, मला त्यांच्या सगळ्या कामात तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि त्यांनी ते पोस्टमध्ये अर्ध्या ओळीत उरकलं.

बसभाड्याचंही कोणी विचारेल म्हणून सांगून ठेवतो. इथिओपियात अदिस अबाबाला शहराच्या टोकाला राहणाऱ्या पोरांपैकी काहींना काम शोधायला जायचं बसभाडं दिलं, काहींना अर्ज-मुलाखतीची तयारी आणि कौशल्याचं सर्टिफिकेट. सुरुवातीला दोन्हींचा थोडा फायदा दिसला. चार वर्षांनी पुन्हा जाऊन पाहिलं तर तयारीवाल्यांची कमाई वाढलेली, बसभाड्याचा मागमूस नाही. म्हणजे वणीच्या भावाची मुलाखत झाली नाही म्हणून मुलाखतीची तयारी बंद करू नका, जिथं मुलाखत होते तिथं ती कामाची आहे.

---

वणीचा_पोट्टा

बूट देल्ले तेवढे चांगले होते, अजून हायेत.

---

घाटंजीकडचा

सगळ्यांचे आभार, आठवडाभर गप्प होतो कारण फोन करत होतो.

४६ जणांची यादी घेऊन तीन संध्याकाळी बसलो. मॅडमनी सांगितलं तसं सोमवारी काय केलं, रविवारी काय केलं असं विचारलं. २९ जणांशी बोलणं झालं, ११ नंबर बंद, बाकीचे उचलत नाहीत. बंद नंबरवाले कोण हे पाहिलं तर बहुतेक तेच जे पुण्याला गेले होते, तिकडं नवीन सिम घेतात. म्हणजे ज्यांच्याबद्दल कळायला पाहिजे तेच हातातून सुटतात. यावेळच्या बॅचपासून आईचा आणि एका दोस्ताचा असे दोन नंबर जास्तीचे घेणार.

एक गोष्ट आमची आम्हालाच कळली. रजिस्टरात सात जणांपुढं "काम सोडलं" असं लाल पेनानं लिहिलं होतं. त्यातल्या तिघांनी काम सोडलं नव्हतंच, कंपनी सोडली होती. एक तर त्याच रस्त्यावरच्या पुढच्या कंपनीत दोन हजार जास्त मिळतात म्हणून गेला, आणि आमचा माणूस त्याला रागावला होता की टिकून राहायला पाहिजे होतं. आता त्याला सॉरी म्हणायला कोण फोन करणार यावर आमच्यात वाद चालू आहे.

असं ठरवलंय. येत्या वर्षी पोरं पाठवायच्या आधी एक दिवस वापस आलेल्यांनाच बोलवायचं, टिकलेले आणि न टिकलेले दोन्ही, हातात किती पडतात, उभं राहावं लागते की बसायला मिळते, रूम कशी, सगळं त्यांच्या तोंडून. वणीच्या भावा, तू येशील का? जाण्यायेण्याचं भाडं देऊ, अदिस अबाबाचं काही का असेना. गावं १४ आहेत आणि आमच्याच्यानं पहिल्या सहा महिन्यांत सातच होतात, तर कोणती सात आधी ते ग्रामसभेत सगळ्यांसमोर चिठ्ठी टाकून ठरवू, बाकीच्या सातांचा नंबर नंतर. पुसदचे भाऊ म्हणाले तसं एवढ्यावर टक्केवारी निघणार नाही, ते पैसे देणाऱ्यांनाही तसंच लिहून कळवलंय. त्यांचं उत्तर अजून आलं नाही.

पुढचे फोन फेब्रुवारीत, उलंगवाडी म्हणजे कापसाची वेचणी संपल्यावर, आणि त्यापुढं दरवर्षी फेब्रुवारीतच. संध्याकाळी सात ते नऊ. कोणाला दोन-तीन दिवस बसता आलं तर मेसेज टाका, बोलणारा वऱ्हाडीत बोलणारा असला तर पोट्टे मोकळे बोलतात. रिचार्ज आमच्याकडून.